दोघं समुद्रावर निघालात? आधी तिथी बघा

लग्नाला सहा महिने झाले असोत की पस्तीस वर्षं, दोघांनीच चार दिवस समुद्रावर जाऊन राहावं असं वाटणं चांगलंच आहे. जरूर जा. मुलांना आजीकडे ठेवा, दूधवाल्याला सांगा, गॅस बंद केलाय ना ते पुन्हा एकदा बघा आणि निघा.

मी मालवण तालुक्यात राहते, तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात. घरामागे माड, माडांच्या पुढे वाळू आणि वाळूच्या पुढे दर्या. घरातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. आजवर कितीतरी जोडपी आमच्या पडवीत चहा प्यायला बसली. काही ताजीतवानी होऊन गेली. काही आली होती त्याहून दमून गेली. एकदोघांच्या बाबतीत तर देवाने राखलं म्हणायचं. हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून चार गोष्टी सांगते. तुम्ही आमच्याकडे आलात, दापोली-गुहागरला गेलात, गोव्याला गेलात, तरी त्या उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट. येताना यादी घेऊन येऊ नका. सकाळी किल्ला, दुपारी स्कूबा, चारला डॉल्फिन, सहाला सूर्यास्त, असा दिवस बांधून आणला की समुद्र तो मानत नाही. इथल्या दिवसाचं वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. त्याप्रमाणे वागलात तर विश्रांती आपोआप मिळते आणि जीवही सुखरूप राहतो.

हे वेळापत्रक वाचणं अवघड नाही. तुमच्या घरच्या भिंतीवर दिनदर्शिका असेलच. त्यात तिथी बघा. तिथीच्या आकड्याला तीनने गुणा आणि चारने भागा. येईल तो पूर्ण भरतीचा तास, दिवसाचाही आणि रात्रीचाही. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला भरती आणि पहाटेही तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. आमच्याकडे तिला सुकती म्हणतात. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण कोकणातले म्हातारे अजूनही याच हिशोबाने चालतात.

आता या हिशोबाचा तुमच्याशी काय संबंध, ते सांगते.

जोडप्यांना पौर्णिमा हवी असते. चांदणं, वाळू, लाटा. हवीशी वाटणारच. पण पौर्णिमेला भरती सकाळी सव्वाअकरा-बाराला संपते आणि मग संध्याकाळपर्यंत पाणी सारखं मागे जात राहतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं, त्यामुळे ओढही जास्त. आणि पाहुणे पाण्यात उतरतात कधी? जेवून, झोपून, दुपारी चारला. नेमकी ओढीची वेळ.

म्हणून पौर्णिमेला आलात तर पाण्यात सकाळी जा. साडेसात ते दहा. पाणी चढतं असतं, ऊनही कोवळं असतं. दुपारनंतर फक्त काठावर चाला. रात्री चांदण्यात बसा, पण वर, सुरूच्या झाडांजवळ बसा. बाराच्या सुमाराला पाणी पुन्हा वर येतं. काढून ठेवलेल्या चपला आणि फोनची पिशवी वाहून गेलेली मी दरवर्षी बघते.

अष्टमीपासून एकादशीपर्यंतचे दिवस मला सगळ्यात बरे वाटतात. पाण्याचा चढउतार कमी आणि संध्याकाळी चार-पाचला पाणी चढतं असतं. शुद्ध पक्षातले असतील तर सूर्य बुडतो तेव्हा डोक्यावर चंद्रही असतो. त्या दिवसांत गर्दीही नसते, कारण सगळे पौर्णिमा शोधत असतात.

चढतं पाणी म्हणजे निर्धास्त असंही समजू नका. लाट लाटच असते. कमरेच्या वर कधीच जायचं नाही, पोहता येत असलं तरी.

एक प्रसंग सांगते. दोन वर्षांपूर्वी घाटावरचं एक जोडपं आमच्याकडे उतरलं होतं. तो तलावात रोज पोहणारा. दिवस पौर्णिमेचा, वेळ चारची. ती काठावर फोन घेऊन उभी, तो कमरेएवढ्या पाण्यात. ती म्हणाली, जरा मागे हो, फोटोत सूर्य येत नाही. तो चार पावलं मागे सरला. तिथे पाणी अगदी शांत दिसत होतं. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधल्या पट्ट्यात एकही लाट फुटत नव्हती. बघणाऱ्याला वाटावं, हीच जागा सगळ्यात चांगली. पण काठावर आलेलं पाणी परत जातं ते त्याच वाटेने. त्याच्या पायाखालची वाळू सरकली. बघता बघता त्याचं नुसतं डोकं दिसायला लागलं.

तिने फोन टाकला आणि धावली. पाणी तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात रापणीची, म्हणजे काठावरून ओढायची, जाळी नीट करत बसलेल्या आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याने तिचं मनगट धरलं. "गे बाय, तू खंय चललस?" ती ओरडत होती, हात सोडवून घेत होती. त्याने सोडला नाही. एका हाताने तिला धरून तो दुसरा हात आडवा हलवत त्या पोराला ओरडायला लागला, "आडवो ये! आडवो!" तो काठाकडे पोहायचा प्रयत्न करत होता आणि आणखी आत जात होता. म्हाताऱ्याचा हात बघून तो काठाला समांतर वळला. दीड-दोनशे पावलं पलीकडे, जिथे लाटा फुटत होत्या, तिथे लाटेनेच त्याला वाळूवर आणून टाकलं. गुडघे सोललेले, ओठ निळे.

त्या रात्री मी सुरमई तळली होती. दोघांनी नुसती पेज आणि लोणचं खाल्लं. ती जेवतानाही त्याचा डावा हात सोडत नव्हती.

हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. जोडप्याने समजून घ्यायची सगळ्यात मोठी गोष्ट यात आहे. एकाला पाणी ओढतं तेव्हा दुसरा मागचापुढचा विचार न करता आत धावतो. प्रेमच असतं ते. पण त्या प्रेमापायी एकाच्या जागी दोघं जातात. म्हणून पहिल्याच दिवशी, पाण्याजवळ जाण्याआधी, एकमेकांशी ठरवून घ्या.

आत ओढल्या गेलेल्याने काय करायचं? काठाकडे झुंज द्यायची नाही. दम जातो. काठाला समांतर, आडवं पोहत राहायचं. ओढीचा पट्टा फार रुंद नसतो, तो सुटला की लाटांबरोबर तिरकं बाहेर यायचं. पोहता येत नसेल किंवा दम संपला असेल तर उताणं होऊन तरंगायचं आणि एक हात वर करायचा.

काठावरच्याने काय करायचं? आत जायचं नाही. ओरडायचं. जीवरक्षक, कोळी, बोटवाले, जो दिसेल त्याला बोलवायचं. तरंगणारं काहीही फेकायचं: झाकण घट्ट लावलेला पाण्याचा रिकामा कॅन, रिंग, दोरी. हाताने दिशा दाखवायची. नजर त्याच्यावरून हटू द्यायची नाही. ११२ वर फोन करायचा.

हे बोलायला दोन मिनिटं लागतात. पाहुणे आले की मी स्वतः हे वदवून घेते. काहींना ते आवडत नाही. तरी घेते.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले. तरणीताठी मुलं होती. ती बातमी ऐकली त्या दिवशी आमच्या वाडीत कुणाला जेवण गेलं नव्हतं. किनारा बघून समुद्र कळत नाही. म्हणून पाण्यात उतरण्याआधी तिथल्या एका तरी माणसाला विचारा, "आता उतरू का?" शहाळीवाला चालेल, रापणवाला चालेल. तो नको म्हणाला तर नको. गोव्यात जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या दुरंगी झेंड्यांच्या मधेच उतरा. नुसता लाल झेंडा असेल तर पाऊलही टाकू नका. आणि नदी समुद्राला मिळते तिथे कधीच उतरू नका. देवबागला कर्ली नदीचा संगम फार देखणा आहे. तो बोटीतून बघा, वाळूवरून बघा. सुकतीला तिथलं पाणी माणसाला उभं राहू देत नाही.

दारू पिऊन समुद्रात जायचं नाही. यावर आणखी काही बोलायची गरज नाही.

आता येण्याच्या आधीचं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. मे महिन्यात आंबे, फणस, करवंदं मिळतात, पण गर्दी आणि घाम फार. जून ते ऑगस्ट यायचं असेल तर पाऊस बघायला या. तो पडवीत बसून बघण्यासारखाच असतो. तेव्हा बोटी बंद असतात, आमचे कोळीसुद्धा समुद्रात जात नाहीत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की मग होड्या लोटतात. ज्यांचं पोटच समुद्रावर आहे ते थांबतात, मग चार दिवसांच्या पाहुण्याने थांबायला हरकत नसावी.

खोली ठरवताना फोटोवर जाऊ नका. फोन करा. खोलीतून समुद्र दिसतो की गच्चीवर जाऊन बघावा लागतो, ते विचारा. वाळूपर्यंत चालत किती मिनिटं? रस्ता मधे येतो का? वीज गेली तर पंखा चालतो का? गरम पाणी किती वाजेपर्यंत? जेवण धरून भाडं की वेगळं? गुडघे दुखत असतील तर तळमजल्याची खोली मागून घ्या, लाजू नका.

पैशांचं मात्र नीट ऐका. चांगल्या हॉटेलांच्या नावाने खोटी पानं आणि खोटे फोन नंबर इंटरनेटवर फिरत असतात. स्वस्त भाव सांगतात, "शेवटची खोली उरलीय" म्हणून घाई करतात, क्यूआर कोड पाठवतात आणि पैसे गेले की फोन बंद. मागे एका मे महिन्यात एक वयस्कर जोडपं बॅगा घेऊन आमच्या दारात उभं होतं. ज्या रिसॉर्टचे पैसे भरले होते ते त्या पत्त्यावर नव्हतंच. काकांपेक्षा काकूंचा चेहरा मला बघवेना. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची सहल होती ती.

म्हणून जागेचा व्हिडिओ कॉल करायला सांगा. खरा मालक फोन घेऊन अंगणात येतो, विहीरसुद्धा दाखवतो. सगळे पैसे आधी भरू नका, एका रात्रीचे भरा. पैसे परत देतो म्हणून कुणी पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. ओळखपत्र दोघांचंही जवळ ठेवा. एकाचं चालेल असं समजून बरेच जण येतात आणि दारात खोळंबतात.

गाडीने आलात तर गाडी वाळूवर उतरवू नका. फोटोसाठी म्हणून उतरवतात, चाकं रुततात आणि मग भरती येते. गावातली चार पोरं दोरखंड घेऊन धावतात, पण खारं पाणी इंजिनात गेलेली गाडी पुढे किती खर्चात टाकते ते मेकॅनिकला विचारा. त्यापेक्षा रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस बरी. सकाळी कुडाळला उतरा, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. रात्री झोप झालेली असते, नवऱ्याने दिवसभर गाडी चालवलेली नसते. भांडणाचं निम्मं कारण तिथेच मिटतं.

आल्या दिवशी काहीही करू नका. खरंच सांगते. आंघोळ करा, जेवा, झोपा. संध्याकाळी काठाने चाला. बस.

अकरा ते साडेतीन उन्हात फिरायचं नाही. आम्ही इथले लोकसुद्धा त्या वेळी घरात असतो. वाऱ्यामुळे ऊन कळत नाही आणि रात्री पाठ भाजल्यासारखी होते. टोपी, पातळ सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, मानेला आणि पायांच्या वरच्या बाजूला उन्हापासून वाचवणारं मलम. घामातून मीठ जातं, म्हणून नुसतं पाणी पुरत नाही. शहाळं, लिंबू सरबत, कोकम सरबत घेत राहा. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चार दिवसांच्या असतील तर सहा दिवसांच्या आणा.

पायाखाली बघून चाला. पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत न्या, म्हणजे वाळूत दडलेला पाकट मासा आधीच सरकतो. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि डॉक्टरकडे जा. जेलीफिश लागली तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा. मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

स्कूबा करायचं असेल तर तो निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. एकाला हौस आणि दुसऱ्याला भीती, असं जवळजवळ प्रत्येक जोडप्यात असतं. "अगं काही होत नाही, चल" म्हणून ओढून नेऊ नका. पाण्याखाली घाबरलेल्या माणसाला समजावता येत नाही. सर्दी झाली असेल, दमा असेल, हृदयाचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील, तर नाहीच. कान दुखायला लागले की खाली जाणं थांबवा आणि हाताने खूण करा. स्कूबानंतर एक दिवस तरी विमानात बसू नका. म्हणजे स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवू नका.

बोटीत चढताना लाइफ जॅकेट अंगात घाला आणि पट्टे आवळा. मांडीवर ठेवलेलं जॅकेट काही कामाचं नाही. बोट भरलेली वाटली तर चढू नका, पुढच्या बोटीने जा. मे २०२२ मध्ये स्कूबाहून परतणारी बोट आमच्याच तारकर्लीच्या समुद्रात उलटली आणि दोन पाहुणे गेले. तेव्हापासून आमच्या घरातून बोटीला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. बोटवाल्याला राग आला तर येऊ दे.

सिंधुदुर्ग किल्ला मात्र बघाच. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं. आत आजही माणसं राहतात आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. सकाळी लवकर जा, बोटीला गर्दी नसते.

जेवणाचं थोडक्यात. मासळीचा भाव रोज बदलतो, तेव्हा ताट मागवण्याआधी विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. पहिल्याच दिवशी खेकडे, तिसऱ्या, कोलंबी सगळं एकदम खाऊ नका. पोटाला सवय नसते आणि मग पुढचे दोन दिवस एक जण खोलीत आणि दुसरा औषधाच्या दुकानात. बांगड्याच्या आमटीत तिरफळ असतं, ते चावू नका. शेवटी सोलकढी प्या.

आणि फोन. संध्याकाळी तासभर दोघांचेही फोन खोलीत ठेवून या. सकाळी रापण ओढतात तिथे जाऊन उभे राहा. दोन्ही बाजूंनी माणसं दोरी ओढत असतात आणि जाळं हळूहळू काठाला येतं. कुणी हात लावायला बोलावलं तर लावा. दोरी ओलीजड असते, तळहात लाल होतात. मागे एका बँकेतल्या साहेबांनी पाऊण तास दोरी ओढली. बायको वाळूत बसून बघत होती. मग उठून तीही त्यांच्या मागे जाऊन ओढायला लागली. त्या दिवशी दोघं आमच्या पडवीत दुपारी अशी गाढ झोपली की चारचा चहा मी दोनदा गरम केला.

ते घाटावरचं जोडपं परत येतंय. परवा तिचा फोन आला होता. "काकी, खोली आहे का?" हे तिने नंतर विचारलं. आधी विचारलं, "शुद्ध दशमी कधी आहे?" मी फोन कानाला लावूनच दिनदर्शिकेचं पान उलटलं.